दातात धरलेली करवत

आमच्या अनसिंगात करवतीला धार लावणारा माणूस एकच होता, आणि तो करवत दातात धरून धार लावायचा. हातात नव्हे, दातात. खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी.

बसायची तऱ्हा अशी. अंगणातल्या कडुनिंबाखाली पोतं अंथरायचं, त्यावर फतकल मारायची. दोन फळ्यांच्या चिमट्यात करवत उलटी अडकवायची, दात आभाळाकडे. चिमटा दोन्ही तळपायांत दाबायचा. मूठ पलीकडे, निमुळतं टोक आपल्याकडे. मग पुढे वाकून ते टोक समोरच्या दातांत पक्कं धरायचं, डोळे मिटायचे, आणि तिधारी कानस घेऊन एकेका दाताच्या खाचेतून फिरवायची. सर्र. थांबायचं. पुन्हा सर्र. मधेच भुवया वर जायच्या, कपाळाला आठी पडायची आणि तो त्याच दातावर परत यायचा. डोळे मिटून कानस चालवणाऱ्या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत कशी राहिली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नाव शेख बुढन. सारं गाव बुढनचाचा म्हणायचं. दुसरी लढाई अजून लागायची होती तेव्हाची ही गोष्ट. विलायती कानस वाशीमच्या बाजारात मिळायची, आणि चाचा तिला तान्ह्या लेकरासारखी फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

हा माणूस करवत दातात का धरतो, यावर गावात तर्कांना काही तोटा नव्हता. कोणी म्हणे, पोलाद कच्चं की पक्कं ते त्याच्या जिभेला कळतं. कोणी म्हणे, बायको वारल्यावर त्यानं तंबाखू सोडली, आता तोंडाला काहीतरी चाळा हवा. आमची सासू म्हणायची, "अवं, गिऱ्हाइकाशी बोला लागू नये म्हून तोंडात बूच घालते तो." तिघांतला एकही तर्क खरा नव्हता, पण सासूचा त्यातल्या त्यात जवळचा होता, हे मला पुढे कळलं.

मी सुताराघरची सून. माहेरही सुताराचंच, मंगरुळाकडचं. चौथी पास. आमच्या गल्लीत टपाल आलं की ते वाचायला माझ्याकडे यायचं आणि उत्तर लिहायलाही मीच. त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतं ते मला आधी कळायचं, आणि खरं सांगते, माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. पण दोन गोष्टी अशा निघाल्या की त्या मी वर्षानुवर्षं पोटात ठेवल्या. दोन्ही बुढनचाचाच्या अंगणातल्याच.

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा आमच्या ह्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले. चाचाची रीत ठरलेली. करवत हातात घेण्याआधी तो माणसाला बाभळीचा एक तुकडा द्यायचा आणि म्हणायचा, "काप." ह्यांनी कापला. चाचानं लाकडाकडे ढुंकून पाहिलं नाही, नुसता ह्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग करवत घेतली, दातांवरून अंगठा फिरवला.

"मधातले दात झिजले. टोकाचे अन् मुठीजवळचे कोरे. अर्ध्याच करवतीनं कापतं तू. बाकीची अर्धी कोणासाठी ठेवली?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"अन् दाबतं कायले? तिचं वजन तिले हाय. तू निस्ता ने आन् आण." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "जेवताना बी असाच करते काय हा?"

मी फसकन हसले. चारचौघांत, नव्या नवरीनं, नवऱ्याला. आमचे हे कामाला चोख, पण धीर म्हणून नाही. जेवतानाही भाकरीचा घास तोंडात अन् दुसरा हातात. त्या दिवसापासून ह्यांनी चाचाच्या अंगणात पाय ठेवला नाही. करवती पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आणि करवत पोचवायला गेलं की ठरलेलं एकच वाक्य कानावर यायचं, "बरं, ठेवून जाय."

काहीही सांगा. चाचा, या करवतीची मूठ ढिली झाली. "बरं, ठेवून जाय." चाचा, पेरणी तोंडावर आली, तिफणी अडून राहिल्या, उद्याच पाहिजे. "बरं, ठेवून जाय." डोळे मिटलेले, टोक दातात, त्यामुळे शब्दही अर्धे बाहेर यायचे. एकदा पलीकडच्या गल्लीतला नामदेव सुतार रडत रडत आला, म्हणाला, चाचा, माय गेली माझी. चाचा म्हणाला, "बरं, ठेवून जाय. परवा ये." नामदेवनं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. त्या अबोल्याचा चाचावर काडीइतका परिणाम झाला नाही, आणि त्यामुळे नामदेव आणखीच चिडला. गावात सर्वांचं एकमत झालं की बुढन धंद्याला सोनं आहे, पण माणूस म्हणून दगड.

दुसरं खूळ त्याच्या स्वतःच्या दातांचं. वरचे चार अन् खालचे तीन, एवढेच समोरचे दात उरले होते, पण त्यांची बडदास्त विचारू नका. सकाळ, दुपार, संध्याकाळ कडुनिंबाची काडी. ऊस खायचा नाही, कणीस खायचं नाही, सुपारीचं नाव नाही. भाकर दुधात कुस्करून. एकदा वरचा एक दात ठणकायला लागला, गाल टम्म सुजला. दात काढणारा वैदू गावात आला होता, लोकांनी त्याला धरून अंगणात आणला. चाचानं त्याच्यावर कानस उगारली. "हा दात गेला तं माहा धंदा गेला! हात लावशीन तं पाह्य!" गाव हसून हसून लोळलं. मीही हसले. आता आठवलं की लाज वाटते.

पहिली गुपिताची गोष्ट माझी आहे.

एका भादव्यात आमच्या ह्यांना ताप भरला. उतरेच ना. पाटलाकडची दाराची चौकट अर्धी पडलेली, आणि दिवाळीच्या आत घर उभं व्हायचं होतं. ह्यांचा जीव तापापेक्षा त्या चौकटीनंच सुकत चालला. मग मी मागच्या खोलीचं दार लावलं, सागाच्या फळीवर पाय रोवला आणि करवत हातात घेतली. माहेरी बापाचं पाहून पाहून डोळ्यांना येत होतं, हातांना यायला दोन दिवस लागले. चार दिवसांत सगळे काप पूर्ण केले. बाहेर सासू खोकत बसायची, आवाज झाकला जावा म्हणून. त्या काळी सुतारीण करवत चालवते म्हटलं असतं तर जातीत आम्हाला कोणी पाण्याला विचारलं नसतं. नवरा जिवंत असताना बाईनं हत्यार धरणं म्हणजे त्याचे हात बांधल्यासारखंच मानत.

काम झालं आणि करवत बोथटली. रीतसर चाचाकडे नेली. त्यानं अंगठा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हे गणपतचे दात नाई." नाव त्यानं घेतलं, मी नाही. "हा हात पुरी करवत चालवते. मुठीपासून टोकालोग. भेव हाय हाताले. पण सरळ जाते."

मी मान खाली घातली. आता हा उद्या साऱ्या सुतारांना सांगणार, दुसरं काय.

"बरं, ठेवून जाय," चाचा म्हणाला.

दोन दिवसांनी करवत आणायला गेले तर त्याच्या पोरीनं, जैतूननं, ती माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "अब्बा म्हंते, हलका हात असला तं दात दोन्ही बाजूले कमी फाकवा लागते. आता मनगट दुखणार नाई." घरी येऊन चालवून पाहिली. लोण्यातून जावी तशी गेली. चाचानं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पुढेही ह्यांचं दुखणं-खुपणं असलं की मी खोलीचं दार लावून कापायची, आणि चाचा अंगठा फिरवून ओळखायचा, आणि करवत माझ्या हाताजोगी होऊन परत यायची. तेव्हापासून गावानं त्याला दगड म्हटलं की मी आपली गप्प बसायची.

दुसरी गोष्ट त्याची.

चैतातली भर दुपार. मी करवत घेऊन गेले तर अंगणाचं फाटक नुसतं लोटलेलं. आत पाहिलं. चाचा नेहमीच्या पोत्यावर, करवतीचं टोक दातात. पण चिमटा नाही, कानस नाही. समोर जैतून बसलेली, करवतीची लाकडी मूठ हनुवटीखाली टेकवून. आणि ती बोलत होती. अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतकं हळू. बकरीनं वाळवणात तोंड घातलं त्याचं काहीतरी सांगत होती. आणि चाचा, ज्याला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो तोंडात पोलाद धरून, खांदे हलवून हसत होता.

मला पाहून जैतूनच्या हातातून मूठ सुटली.

ती मला ओढतच कुडाच्या आड घेऊन गेली. "कोणाले सांगू नको वं काशीभाभी. तुह्या पाया पडते. चार साल झाले, अब्बाले काहीच ऐकू येत नाई. ढोल वाजवला तरी नाई. निस्तं दातातून येते. करवतीतून, लाकडातून. लोकाले समजलं तं कोण देईन करवत? म्हंतील, बहिऱ्याले काय समजते, करवत गाते का रडते ते."

मला एकेक आठवत गेलं. "बरं, ठेवून जाय." नामदेवची माय. वैदूवर उगारलेली कानस. जैतून सदा बापाच्या बाजूला उभी असायची, गिऱ्हाइकाचं बोलणं हातानं खुणावून सांगायची, आणि आम्ही म्हणायचो, पोरगी फार पुढंपुढं करते. अरे देवा! तो माणूस डोळे मिटून काम करत नव्हता, ऐकत होता. साऱ्या जगातली तेवढी एकच जागा त्याच्याशी बोलत होती, आणि आम्ही त्याला खूळ म्हणत होतो.

मी सांगितलं नाही. त्यानं माझं राखलं होतं, मी त्याचं राखलं.

मग जैतूनचं लग्न ठरलं. मुलगा वाशीमजवळच्या मालेगावचा, घरी सुतारकामच. पोरगा चांगला होता. आईच्या माघारी वाढलेल्या पोरीला याहून काय पाहिजे, असं सगळे म्हणाले. चाचा मात्र एका गोष्टीवर अडून बसला: निकाहाच्या वेळी पोरीला मीच विचारणार, आणि तिचा होकार मी माझ्या कानांनी ऐकणार. त्याशिवाय निकाह नाही.

त्यांच्यात रीत अशी की नवरी आत बायकांत, पुरुष बाहेर मांडवात. नवरीच्या वतीनं एक वकील आणि दोन साक्षीदार दारातल्या पडद्याशी जातात, विचारतात, कबूल आहे का? नवरी लाजेनं बोलली नाही, नुसती मान हलली किंवा गप्प राहिली, तरी तो होकारच धरतात. वकील हा बहुधा मामा. मग बापाचा हा हट्ट कशासाठी?

ते मला जैतूननंच सांगितलं. तिची थोरली बहीण सकिना. तिच्या निकाहात मामा पडद्याशी गेला होता आणि बाहेर येऊन म्हणाला होता, पोरगी हो म्हणाली. चाचानं मानलं. तीन वर्षांनी सकिना माहेरी परत आली ती दुखणं घेऊनच, आणि अंथरुणावर बापाला म्हणाली, "अब्बा, मी हो म्हनलंच नव्हतं. मामीनं मान दाबली माही." आणखी महिनाभरानं ती गेली.

"तवा अब्बाचे कान चांगले होते, भाभी," जैतून म्हणाली. "ऐकू येत होतं, पण ऐकाले गेले नाई. आता जातो म्हंते, तं कान नाई."

दोघांनी मिळून युक्ती काढली होती. पडद्याच्या दाराची सागाची चौकट होती. चाचा बाहेरून तिला कपाळ आणि दात टेकवणार, जैतून आतून चौकटीला हनुवटी लावून बोलणार. कोणाला काही कळणार नाही, लोकांना वाटेल बापाचा ऊर भरून आला. मला ऐकूनच बरं वाटलं. पण ही युक्ती चालायची नाही, हे ओळखायची अक्कल मला तेव्हा असती तर सांगितलं असतं. सुताराची बाई ना मी!

लग्नाच्या दिवशी जैतूननं मला शेजारी बसवून घेतलं. खोली बायकांनी गच्च भरलेली. दुसऱ्या बाजूला मामी, तीच. तिचा मेंदी लावलेला हात आधीपासूनच पोरीच्या डोक्यावर. मांडवात मालेगावचं वऱ्हाड, आणि आसपासच्या गावांतले झाडून सारे सुतार, म्हणजे चाचाचं सगळं गिऱ्हाईक. आमचे हेही होते, मागच्या रांगेत. पडद्याच्या फटीतून मला निम्मा मांडव दिसत होता.

चाचा आला. धुतलेला पायजमा, डोक्याला रुमाल. चौकटीला कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं विचारलं, "जैतून बेटी, हा निकाह तुले कबूल हाय काय?"

जैतून चौकटीशी वाकली, म्हणाली, "कबूल हाय."

मी ऐकलं. मामीनं ऐकलं. मांडवातल्या पहिल्या रांगेनंही ऐकलं. मामा म्हणाला, चला, झालं. चाचा जागचा हलला नाही. "मी नाई ऐकलं," म्हणाला.

ती पुन्हा म्हणाली. चाचानं चौकटीला दात लावले. "मी नाई ऐकलं."

चौकट सुटी असेपर्यंत टिचकी मारली तरी वाजते. भिंतीत बसली, चारी बाजूंनी माती थापली, की मुकी होते. आमच्या लग्नाआधी ह्यांनीच बसवलेली चौकट ती, इतकी पक्की की पोरीचा आवाज त्या मातीतच जिरत होता. आणि लाज टाकून ओरडली असती तरी काय उपयोग?

तिसऱ्यांदा झालं. मांडवात कुजबुज सुरू झाली. व्याही उठून उभे राहिले. बापाला सोयरीक मोडायची आहे आणि तो बहाणा शोधतो आहे, असं त्यांना वाटलं असणार. तावातावानं म्हणाले, "मियाँ, सगळ्याईनं ऐकलं. तुमी काय बहिरे हा काय?"

चाचाला शब्द कळले नाहीत, पण तोंडं दिसत होती. त्यानं मांडवभर एकदा पाहिलं, व्याह्यांकडे, काझींकडे, मग त्या सगळ्या सुतारांकडे, एकेकाकडे. मला वाटलं आता हा मान हलवणार, म्हणणार, हो, ऐकलं. काय बिघडत होतं? पोरगी खरंच हो म्हणाली होती. धंदा राहिला असता, इभ्रत राहिली असती. माझाच हात पडद्यापर्यंत गेला होता, की आतून ओरडून सांगावं, चाचा, हो म्हणा!

तो वळला आणि मांडवातून बाहेर गेला. लोक उठून उभे राहिले. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याची स्वतःची करवत होती.

तो पडद्यासमोर गुडघ्यांवर बसला. करवतीची मूठ पडद्याखालून आत सरकवली, टोक स्वतःच्या दातांत धरलं आणि डोळे मिटले. भर मांडवात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

एक बाई आत किंचाळली, "माय वो, करवत!" जैतूननं मामीचा हात डोक्यावरून काढला. झटकला नाही, उचलून बाजूला ठेवला. मूठ दोन्ही हातांत घेतली, हनुवटीखाली टेकवली, आणि बोलली. हळूच, त्या दुपारी बकरीचं सांगत होती तशी.

"अब्बा, मले कबूल हाय. मीच बोलून राह्यली. माह्या डोक्यावर कोणाचाच हात नाई."

करवत थरथरली. ती पोरीच्या हातानं की बापाच्या दातांनी, देव जाणे. चाचानं टोक तोंडातून काढलं, काझीसाहेबांकडे वळला आणि म्हणाला, "ऐकलं. मी ऐकलं. पढा आता."

मी पदर तोंडात कोंबून रडत होते. आपल्याच गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं "करवतीले पाणी लागू देऊ नका, जंग धरते" म्हणून झापणारा तो माणूस, आणि त्याच्याच डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पात्यावर गळत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

गावानं काय केलं विचाराल, तर दोन सुतार वाशीमला करवती न्यायला लागले. बाकीचे राहिले. नामदेव दुसऱ्याच दिवशी आला, चाचासमोर उकिडवा बसला, त्याच्या गुडघ्याला हात लावून करवत ठेवून गेला. आणि आमचे हे, ज्यांनी इतकी वर्षं या लग्नाखेरीज त्या अंगणात पाय टाकला नव्हता, ते मला म्हणाले, "बहिरा असू दे. कान असलेले लय हायत गावात." आणि स्वतः करवत घेऊन गेले. तिकडून शिव्या खाऊन आले ते वेगळं.

पण अंगण ओस पडलं. चाचा आता उघड्या डोळ्यांनी गिऱ्हाइकाच्या खुणा पाहायचा, काम चोख करायचा, आणि काम संपलं की करवत मांडीवर आडवी घेऊन नुसता बसून राहायचा. पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं.

महिन्याभरानं मालेगावहून कार्ड आलं. जैतूननं कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ते माझ्याकडे आलं आणि मी ते घेऊन चाचाकडे गेले. त्याच्यासमोर कार्ड नाचवलं, "जैतून!" म्हणून तोंडानं दाखवलं. त्याला कळलं. मी मोठमोठ्यानं वाचायला लागले. शेजारची दोन दारं उघडली, त्यांनी ऐकलं, चाचानं नाही. तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला, मग त्यानं नकारार्थी मान हलवली.

मांडीवरची करवत उचलली. खांद्यावरच्या रुमालानं मूठ पुसली, दोनदा. आणि माझ्याकडे न पाहता ती माझ्या बाजूला सरकवली.

मी फाटकाबाहेर पाहिलं. लोक होते. परक्या पुरुषाच्या समोर बसून, करवत हनुवटीला लावून बोलणारी सुताराची सून! सासूला काय वाटेल, ह्यांना काय वाटेल. मग म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात. ज्यानं माझा हात ओळखून कोणाला सांगितला नाही, त्याच्यासमोर कसली लाज? पदर डोक्यावर नीट घेतला, खाली बसले आणि मूठ हनुवटीखाली धरली. चाचानं टोक दातांत घेतलं. वरचा एक दात हलत होता, तो त्यानं जिभेनं सांभाळून बाजूला केला. टोकाजवळ पात्यावर गंजाचे दोन ठिपके दिसले. त्या दिवसाचे. साऱ्या गावाच्या करवती चकचकीत करणाऱ्यानं तेवढे ठिपके घासले नव्हते.

मी वाचायला लागले. अब्बाला सलाम. मी खुशाल आहे. सासरे चांगले आहेत, पण करवत दाबून चालवतात, ती दिवसभर रडते. मी परवा त्यांना म्हटलं, मामू, बाकीची अर्धी कोणासाठी ठेवली? ते आधी रागावले, मग हसले. आता पुरी चालवतात. तुम्ही दात सांभाळा.

चाचाचे खांदे हलायला लागले. हसत होता.

कार्ड संपलं. मी मूठ खाली ठेवून उठायला गेले, पण करवत खाली येईना. त्यानं टोक सोडलं नव्हतं. डोळे मिटलेलेच होते, आणि त्यानं करवत हळूच आपल्याकडे ओढली, अगदी जरा.

मी पुन्हा बसले. कार्ड उलटं करून पाहिलं, मागे नुसता पत्ता. मग मूठ हनुवटीखाली घेतली आणि बोलत सुटले. आमच्या म्हशीचं सांगितलं, सासूच्या खोकल्याचं सांगितलं, सकाळी ह्यांच्याशी कशावरून भांडण झालं ते सांगितलं. चाचा ऐकत होता. फाटकाशी कोणीतरी करवत घेऊन येऊन उभं राहिलं होतं. मी हातानंच त्याला खूण केली, ठेवून जा.